गुरुवारची लघवी

माझ्या सासऱ्यांनी माझ्याकडे आयुष्यात दोनच गोष्टी मागितल्या. पहिली लग्नाआधी: त्यांच्या अंगणात पिकअप ट्रक लावताना हिरवळीवर चाक जाऊ द्यायचं नाही. दुसरी लग्नानंतर चार वर्षांनी: माझी लघवी.

सासऱ्यांचं नाव रॉइस टिंडल. एकतीस वर्षं ते शाळेची बस चालवत होते. आमचा नॉर्थ कॅरोलायनाचा पूर्वेकडचा भाग तीन गोष्टींसाठी ओळखला जातो: रताळी, डुकरं आणि मुतखडे. पहिल्या दोन आम्ही बाहेरगावी पाठवतो, तिसरी घरातच राहते. डॉक्टर लोक या सगळ्या मुलखाला मुतखड्यांचा पट्टाच म्हणतात. कुणी उकाड्याला दोष देतं, कुणी आमच्या साखर घातलेल्या गार चहाला. सासऱ्यांचं कारण साधं होतं. बस चालवणारा माणूस पाणी पीत नाही, कारण सत्तेचाळीस मुलांना रस्त्यात ठेवून त्याला झाडामागे जाता येत नाही. एकतीस वर्षं, सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी दोन ते पाच, त्यांनी एक थेंब आत घेतला नाही आणि एक थेंब बाहेर सोडला नाही.

या शिस्तीतून आठ खडे तयार झाले. आठही त्यांनी घरीच पाडले. कळ सुरू झाली की ते गवत कापायच्या गाडीवर बसायचे, पाती वर उचलायचे आणि शेजाऱ्याच्या नांगरलेल्या शेतातून सऱ्यांवरून आडवी गाडी हाकायचे. दोन दोन तास. शेजारी ओसरीत खुर्ची टाकून बघत बसायचा. लघवी गाळायच्या गाळणीत खडा सापडला की तो औषधाच्या रिकाम्या बाटलीत जायचा आणि बाटलीवर तारीख पडायची. रविवारी चर्चच्या दारात लोक हात मिळवायला यायचे. मी या घरात पहिल्यांदा आलो तेव्हा मला आधी बंदुका दाखवल्या आणि मग ती बाटली. बंदुका हातात घेऊ दिल्या.

नववा खडा मात्र खाली यायला तयार नव्हता.

ऑगस्टचा महिना होता. शाळा पुढच्या सोमवारी उघडणार होती आणि गुरुवारी सासऱ्यांची तपासणी होती. ती पास झाल्याशिवाय बस हातात देत नाहीत. डोळे, कान, रक्तदाब आणि कपभर लघवी. मंगळवारी त्यांनी मला मागच्या शेडमध्ये बोलावलं, दार लावलं, आणि करवतींच्या भिंतीकडे तोंड करून सगळं सांगितलं. आठवडा झाला, लघवीला आग होतेय. डाव्या कुशीत ठणका आहे. गढूळ होतेय आणि वास येतोय. गाडीवरून चार वेळा शेत फिरून झालं, खडा हलत नाही. हे सांगताना ते इतके अवघडले होते, की मीही शेजारच्या करवतीकडे बघत राहिलो.

दोन वर्षांपूर्वी तपासणीत त्यांच्या लघवीत रक्त सापडलं होतं आणि सहा आठवडे त्यांना घरी बसवलं होतं. त्या सहा आठवड्यांत बदली ड्रायव्हरने एकदा बस आगारात लावली, कुलूप घातलं आणि तो निघून गेला. शेवटच्या सीटवर सहा वर्षांची एक मुलगी झोपली होती. काचा बंद, बाहेर पंच्याण्णव डिग्री फॅरनहाइट, चाळीस मिनिटं. मुलगी वाचली. सासऱ्यांचा त्यात काडीचा संबंध नव्हता, ते घरी गाळणी घेऊन उभे होते. पण त्यांनी तो दिवस स्वतःच्याच नावावर घेतला होता. आपण पुन्हा घरी बसायचं नाही, एवढंच त्यांना कळत होतं.

"तुझी चांगली असते ना?" त्यांनी विचारलं.

"आजवर कुणी तक्रार केलेली नाही, सर," मी म्हणालो.

प्रश्न बाटलीचा होता. मी मधाची अस्वलाच्या आकाराची बाटली सुचवली. सासरे म्हणाले, मध राहिला तर साखर दिसेल आणि मला मधुमेह लावतील. शाम्पूची लहान बाटली? फेस आला तर किडनी गेली म्हणतील. त्यांना या विषयाची बरीच माहिती होती आणि ती सगळी ते चुकीच्या कामाला लावत होते. शेवटी ठरलं, नवीकोरी बाटली आणायची. बुधवारी गोदामातून सुटल्यावर (मी रताळी आकारावारी वेगळी करतो) मी दुकानात गेलो. स्वच्छ, झाकणाची, आकडे घातलेली एकच बाटली तिथे होती, ती बाळाला दूध पाजायची. गल्ल्यावर व्हर्ना बाई होत्या. त्यांनी माझ्या बायकोला लहानपणी चर्चच्या शाळेत शिकवलेलं. त्यांनी बाटली पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "कधी रे?"

मी म्हणालो, "उद्या सकाळी."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. संध्याकाळी सातच्या प्रार्थनेत आमच्या होणाऱ्या बाळासाठी देवाचे आभार मानले गेले. माझी बायको टेसा पहिल्या रांगेत होती आणि ही बातमी तिला देवाबरोबरच कळली. घरी येऊन तिने मला धारेवर धरलं. मी सांगितलं, बाटली यंत्रकरवतीच्या पेट्रोलमध्ये तेल मोजून घालायला आणलीय. तिने विश्वास ठेवला, कारण आमच्याकडचे पुरुष खरंच असं करतात. सासूबाईंनी मात्र ठेवला नाही. फेय टिंडल बाईंनी त्याच रात्री पिवळी लोकर काढली. पिवळी, म्हणजे मुलगा मुलगी काही झालं तरी चालेल.

गुरुवारी मी बाटली भरली, सासऱ्यांनी ती मोज्यात खोचली आणि ते गावातल्या दवाखान्यात गेले. तिथे डार्ला नावाच्या नर्सबाई सगळं बघतात, डॉक्टर फक्त भिंतीवर फोटोत असतात. डार्लाबाई म्हणाल्या, या वयाच्या माणसाची इतकी स्वच्छ लघवी मी पाहिलेली नाही. सासऱ्यांनी हे मला ट्रकमध्ये बसल्यावर सांगितलं. मला अभिमान वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला खरा.

शुक्रवारी ते दुखणं मारायच्या गोळ्या खाऊन हिंडत होते. शनिवारी सकाळी त्यांना हुडहुडी भरली. ऑगस्टच्या उन्हात दोन गोधड्या घेऊन दात वाजत होते आणि ताप एकशे तीन. सासूबाईंनी त्यांना ट्रकमध्ये घातलं आणि चावी माझ्या हातात दिली.

पुन्हा डार्लाबाईच होत्या. त्यांनी घसा पाहिला, छाती ऐकली, नाकात काडी घालून फ्लूची तपासणी केली. ती स्वच्छ आली, पण पहिल्या दिवशी कधीकधी चुकते म्हणाल्या. मग त्यांनी कप दिला. सासरे आत गेले आणि दहा मिनिटांनी रिकामा कप घेऊन आले. होतच नव्हती. डार्लाबाईंनी संगणकात पाहिलं आणि म्हणाल्या, राहू दे, परवाचा अहवाल आहेच की, यापेक्षा चांगली लघवी कुणाची असणार. तो प्रश्नच नाही. मुलांच्या शिबिरातून फ्लू आलाय, गावभर झालाय. आणखी काही सांगायचंय का?

तेव्हा सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ते पाहणं लांबलं. एकतीस वर्षं त्यांनी समोरच्या आरशातून मागच्या सीटवरच्या पोरांकडे पाहिलेलं होतं. टेसा सांगायची, डॅडींनी आरशातून पाहिलं की अख्खी बस गप्प व्हायची. मला वाटलं, ही तीच नजर आहे. मी गप्प झालो. नुसता गप्प झालो असतो तरी एक वेळ ठीक होतं. डार्लाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, म्हणून मी म्हणालो, "सर एकतीस वर्षं आजारी पडायचं विसरले होते, आता आठवलंय." त्या हसल्या. आम्ही फ्लूची औषधं घेऊन घरी आलो.

रविवारी सकाळी सासूबाईंचा फोन आला, रॉइस घरात नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा ते अंगणात, स्वतःच्या बंद ट्रकमध्ये, नुसत्या पायजम्यात बसले होते. उजवा हात पुढे करून बसच्या दाराची दांडी ओढत होते. ट्रकला तशी दांडी नसते. ते मोठ्याने आकडे मोजत होते आणि मध्येच थांबून पोरं चढायची वाट बघत होते. मी दार उघडलं तर अंगाची वाफ लागली. ओठ राखाडी झाले होते. त्यांनी मला ओळखलं नाही.

"खाली बस," ते म्हणाले. "समोर बघ. उभ्या पोराला घेऊन मी गाडी हलवत नाही."

मी म्हणालो, हो सर. त्यांना पलीकडे सरकवलं, टेसा आणि सासूबाई मागे बसल्या, आणि मी गाडी काढली. मोठं हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर आहे. वाटेत रेल्वेचे रूळ लागतात. त्यांवरून बारा वर्षांत आगगाडी गेलेली नाही, रुळांमध्ये झुडपं आहेत. रूळ दिसले तसे सासरे ओरडले, थांब. शाळेची बस रुळांपाशी थांबते, दार उघडते, ऐकते आणि मगच जाते. मी हळू केली नाही तेव्हा त्यांनी स्टीअरिंगला हात घातला. म्हणून मी थांबलो. दार उघडलं. आम्ही चौघं त्या झुडपांकडे तोंड करून न येणारी आगगाडी ऐकत बसलो. मागून टेसाचं रडणं ऐकू येत होतं, तेवढंच. मग ते म्हणाले, जाऊ दे.

हॉस्पिटलात त्यांना लगेच आत घेतलं. रक्तदाब वरचा अठ्ठ्याहत्तर. दोन्ही हातांना सुया, सलाइनच्या बाटल्या, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. डॉक्टर ओकाफोर नावाच्या उंच बाई होत्या. त्या भराभर प्रश्न विचारत होत्या आणि उत्तरं सासूबाई देत होत्या. आधी काही आजार? मुतखडे, पण ते सगळे बाटलीत आहेत. लघवीचा त्रास? सासूबाई म्हणाल्या, नाही, गुरुवारीच तपासलीय, एकदम स्वच्छ. डॉक्टरबाईंनी गावच्या दवाखान्याचा अहवाल पडद्यावर काढून पाहिला आणि नर्सला म्हणाल्या, मग बहुधा छाती. आधी छातीचा फोटो काढू.

त्यांनी पलंगाचा ब्रेक सोडला. मी पलंगाची दांडी धरली.

"मला काहीतरी सांगायचंय," मी म्हणालो.

सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "आत्ता नको, राजा. बाळाचं नंतर सांग."

"ती लघवी माझी आहे," मी म्हणालो.

मी आयुष्यभर लोकांना हसवायची वाक्यं शोधत आलोय, आणि इतकं विनोदी वाक्य माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही. कुणी हसलं नाही. डॉक्टरबाईंनी मला विचारलं, यांना त्रास किती दिवस आहे? मी सांगितलं, सहज दहा-बारा दिवस. आग, डाव्या कुशीत ठणका, गढूळ, वास. गोळ्या खाऊन ताप दाबला असेल. त्यांनी मला एक शब्द सुनावला नाही, याचंच मला भय वाटलं. नर्सकडे वळून म्हणाल्या, छाती नंतर, पोटाचा स्कॅन, आत्ता.

टेसा माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या बुटांकडे बघत होती.

तेवढ्यात नर्सने नळी घालून सासऱ्यांची लघवी काढली होती. खरी, त्यांची. तिने त्यात पट्टी बुडवली. मी पट्टीचे रंग बघायला मान लांब केली. नर्स म्हणाली, हीसुद्धा जवळपास स्वच्छच आहे. माझ्या छातीवरचा दगड उतरला. म्हणजे माझ्यामुळे काही झालं नाही. म्हणजे त्यांची आणि माझी एकच. मी टेसाला म्हणालोही, बघ, स्वच्छ आहे. तिने मान वर केली, पण नजर माझ्या बाजूने नव्हती.

स्कॅन झाल्यावर डॉक्टरबाई आम्हाला बाहेर भेटल्या. त्या म्हणाल्या, डाव्या किडनीतून खाली येणाऱ्या नळीत वाटाण्याएवढा खडा रुतून बसलाय. नळी पूर्ण बंद आहे. वर सगळी घाण कोंडलीय, तिच्यात जंतू वाढलेत आणि ते आता रक्तात उतरलेत. खाली येतेय ती लघवी फक्त उजव्या किडनीची. ती स्वच्छच असणार. मूत्राशयाला डावीकडे काय चाललंय याची खबरच नाही.

"म्हणजे स्वच्छ आहे हे चांगलं नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"इथे नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता पाठीतून सुई घालून ते बाहेर काढायचं. खड्याला आज हात लावायचा नाही. आज फक्त वाट मोकळी करायची."

त्या निघाल्या तेव्हा मी मागे मागे गेलो आणि विचारलं, गुरुवारी मी मध्ये नसतो तर? त्या थांबल्या. म्हणाल्या, गुरुवारी खड्याच्या कडेने काही झिरपत असेल तर दिसलं असतं. नसेल झिरपत तर नसतं दिसलं. हे तुम्हाला कुणीच सांगू शकणार नाही. मग जरा विचार करून म्हणाल्या, शनिवारचं सांगता येईल. ताप होता आणि खड्याचा माणूस होता. शनिवारी कुणी सांगितलं असतं तर त्यांना तेव्हाच इथे पाठवलं असतं, आणि नळी एक दिवस आधी बसली असती.

पाठीतल्या नळीतून जे निघालं ते मी पाहिलं. पिवळट, घट्ट, पिशवीत हळूहळू उतरणारं. त्याला लघवी म्हणवत नव्हतं. नर्सने ते तपासायला पाठवताना बाटलीवर सासऱ्यांचं नाव चिकटवलं, मग मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. माझ्याकडे बघितलं नाही, पण मला कळलं.

तीन दिवस ते श्वासाच्या मशीनवर होते. रक्तदाब टिकवायला जी औषधं देतात त्यांनी हातापायाचं रक्त आत ओढून घेतलं जातं, असं सांगितलं. बुधवारी उजव्या पायाची तीन बोटं काळी पडली. सोमवारी शाळा उघडली. सासऱ्यांची अकरा नंबरची बस कुणीतरी नेली.

घरी टेसा माझ्याशी गरजेपुरतं बोलत होती. एकदा रात्री भांडी विसळताना तिने विचारलं, मंगळवारी तू 'नाही' का म्हणाला नाहीस? मी म्हणालो, त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. हिरवळीचं सोडून. ती म्हणाली, मला सांगायचं होतंस. मी म्हणालो, हो. मग तिने शनिवारचं विचारलं. मी सांगितलं, त्यांनी माझ्याकडे त्या नजरेने पाहिलं, आरशातल्या. तिने हातातलं भांडं पुसलं आणि ती म्हणाली, ती नजर मला माहितीय. तिच्यापुढे मीसुद्धा बोलले नसते. त्या आठवड्यात मला मिळालेली सवलत एवढीच होती आणि मी ती घट्ट धरून ठेवली.

शुक्रवारी सासरे शुद्धीवर आले. घशातली नळी काढली होती. सासूबाई आणि टेसा खाली जेवायला गेल्या आणि मी खुर्चीवर बसलो. पायाच्या बोटांवर चादर होती. ते छताकडे बघत होते. आवाज घासून निघत होता.

"फेय म्हणाली, तू सांगितलंस."

"हो, सर."

"सगळ्यांसमोर."

"हो."

मग त्यांनी विचारलं, "शनिवारी का नाही सांगितलंस, पोरा?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं. आठवडाभर मी ते वागवत होतो. "तुम्ही माझ्याकडे पाहिलंत," मी म्हणालो.

"पाहिलं ना."

"मला वाटलं, गप्प बस म्हणताय."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. तेवढ्याने त्यांना धाप लागली. "त्या बाईशी मी दोन दिवस आधीच तोंडावर खोटं बोललो होतो," ते म्हणाले. "मला फिरवता येईना ते. लाज वाटत होती. म्हणून तुझ्याकडे पाहिलं. म्हटलं, पोरगा बडबड्या आहे, सांगेल."

मी हसवायचा प्रयत्न केला नाही. नर्स आली, तिने पाठीच्या नळीची पिशवी रिकामी केली, किती भरली ते कागदावर लिहिलं आणि गेली. आता त्या पिशवीत बरंच पातळ, पाण्यासारखं उतरत होतं. चांगली खूण होती म्हणे. मी विचारलं नाही.

सासरे अजून माझ्याकडेच बघत होते. तसंच, लांब, सरळ. मी पाणी द्यायला उठलो, मग उशी सारखी करायला वाकलो, मग मध्येच थांबलो.

"काय हवंय, सर?" मी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "नुसता बघतोय."

मी पुन्हा बसलो.